फाटकाकडे पाठ करून

१

तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या शिळेच्या पाठीवरचं दगडफूल तीस मिलिमीटर रुंद होतं. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते पुढच्या बाजूला. नावाच्या जरा खाली, जिथे दिवसभर ऊन पडतं, तिथे त्याच जातीच्या दगडफुलाचा मेलेला, पांढुरका ठसा होता. तो दहा मिलिमीटर भरला. भिंगबाईंनी पट्टी तीनदा लावली आणि तिन्ही वेळा दहाच आले.

ही जात उन्हात वाढत नाही. ओलसर सावलीत वाढते, तीही वर्षाला अर्धा मिलिमीटर, रमतगमत. म्हणजे पाठीवरचं दगडफूल साठ वर्षांचं झालं. आणि पुढचं, जिथे ते उगवायलाच नको होतं तिथे, वीस वर्षं जगून मेलं होतं. त्यांनी शेजारची शिळा पाहिली. तिथेही पाठीवर तीस, पुढे दहा. मग सगळी रांग पाहिली, अकराच्या अकरा. मग चढ चढून वरच्या भागात गेल्या. तिथल्या शिळा पहिल्या युद्धातल्या, शंभर वर्षांच्या. पाठीवर पन्नास, पुढे काहीच नाही. सरळ हिशेब.

बाई सरकारी प्रयोगशाळेत इमारतीचे दगड तपासत. तीस वर्षांत गळ्यातलं भिंग फक्त झोपताना उतरत असे, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. त्यांची सख्खी बहीणसुद्धा. सैनिकांच्या या जुन्या दफनभूमीला पुढच्या महिन्यात शंभर वर्षं होत होती. अक्षरं न खाता दगड स्वच्छ करील असं काय वापरावं, एवढंच सांगायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं: 'खालचा भाग. शिळा कधीतरी फिरवल्या. पुढचं मागे. का?'

तेवढ्यात अधीक्षक उतारावरून येताना दिसले. हा माणूस छत्री उघडायलासुद्धा वेळ घेणारा. आज तो जवळजवळ धावत होता.

"बाई," त्यांनी दम खात सांगितलं, "रांगवही गेली."

२

अधीक्षकांची खोली फाटकालगत होती: एक टेबल, चार खुर्च्या, एक लोखंडी कपाट. कपाटाच्या खालच्या फळीवर काळ्या पुठ्ठ्याच्या सोळा सारख्या वह्या उभ्या असत. कशावरही नाव नाही, नंबर नाही. आता पंधरा होत्या. डावीकडून दुसरी जागा रिकामी होती. कुलूप शाबूत होतं, आणि सोमवारी सकाळी ते लावलेलंच मिळालं होतं.

कोण कुठे पुरलं आहे हे या वहीत होतं. खालच्या भागातल्या सात रांगा, दर रांगेत अकरा, अशा सत्त्याहत्तर जणांची ही एकच मूळ नोंद. एरवी ती वर्षानुवर्षं कोणी उघडत नसे. पण येत्या गुरुवारी तिसऱ्या रांगेतली दुसरी कबर उघडायची होती. त्या सैनिकाची मुलगी, आता ऐंशीची, शिवणकाम करून जगलेली बाई, बापाला नदीपलीकडच्या टेकडीवर आपल्या आईशेजारी नेणार होती. अशी परवानगी याआधी तिला दोनदा मिळाली होती आणि दोन्ही वेळा तिनेच मुदत जाऊ दिली होती. ही तिसरी. नियमात चौथी नव्हती. महिनाअखेर मुदत संपत होती, आणि रांगवहीशी ताडून पाहिल्याशिवाय कबरीला कुदळ लावायची नाही असं परवानगीच्या कागदावर ठळक लिहिलं होतं.

म्हणजे वही मिळाली नाही तर त्या बाईचे वडील आता कायमचे इथेच राहणार होते.

पोलिसांना कळवलं तर ते सगळं कपाट उचलून नेतील आणि पुढच्या वर्षी परत देतील, हे अधीक्षकांना ठाऊक होतं. भिंगबाई प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतात आणि फार बोलत नाहीत, म्हणून त्यांनीच बघावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी दगड तपासते, माणसं नाही, असं म्हणून पाहिलं. अधीक्षक म्हणाले, दगड तरी कुठे खरं बोलतात.

किल्ल्या तीन होत्या. एक अधीक्षकांकडे. एक रखवालदाराकडे, तो इथेच जन्मला, त्याच्या आधी त्याचे वडील रखवालदार होते. तिसरी या वर्षापुरती नकाशेकाकांकडे. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आणि शताब्दीसाठी दफनभूमीचा इतिहास लिहीत होते. शिवाय, अधीक्षकांनी जरा चाचरत सांगितलं, शनिवारी त्या शिवणबाईंचा मुलगा कागद द्यायला आला होता. कपाट उघडं होतं. अधीक्षक चहा सांगायला बाहेर गेले होते. दहा मिनिटं. आणि जाताना तो मुलगा म्हणाला होता, काहीतरी करून हे लांबवता येईल का?

भिंगबाई खाली वाकल्या आणि उरलेल्या पंधरा वह्यांचे माथे भिंगातून पाहिले. धूळ जाड होती, सारखी होती, आणि एकाही वहीवर बोट लागलेलं नव्हतं.

त्यांनी ते लिहून ठेवलं, पण त्याचं काय करायचं ते अजून त्यांना कळलं नव्हतं.

३

नकाशेकाकांच्या घरी बसायला खुर्ची शोधावी लागली. प्रत्येक खुर्चीवर कागद होते. वहीची बातमी ऐकून ते खचले नाहीत, उलट जरा खूशच झाले. त्यांनी सगळी रांगवही चैत्रातच, म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'घोट्याचं दुखणं सुरू व्हायच्या आधीच', उतरवून घेतली होती. सत्त्याहत्तर नावं, हुद्दे, रांग, क्रमांक. ही नक्कल घ्या आणि गुरुवारचं काम उरकून टाका, असं त्यांनी सुचवलं. नक्कल चालत नाही, असं बाईंनी सांगितल्यावर ते सरकारी नियमांवर बराच वेळ बोलले.

मग इतिहासावर आले. ते थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. दफनभूमीच्या जागी आधी कवायतीचं मैदान होतं. पहिल्या युद्धात वरचा भाग पुरण्यासाठी घेतला. दुसऱ्या युद्धात नदीच्या पलीकडे सैनिकी इस्पितळ निघालं. तेव्हा पूल नव्हता. मेलेले जवान नावेतून येत, म्हणून खालच्या भागाला नदीच्या बाजूने फाटक होतं. पुढे पूल झाला, रस्ता झाला, रस्त्याच्या बाजूला नवं फाटक झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी मोठा पूर आला. खालच्या भागातल्या सगळ्या शिळा उखडून चिखलात एकमेकींवर पडल्या. भिंत पडली, ती नव्याने बांधताना जुनं फाटक विटांनी बुजवून टाकलं.

पुराला किती वर्षं झाली, हे बाईंनी विचारलं. साठ.

"आणि शिळा परत कोणी लावल्या?"

तेव्हाच्या रखवालदाराने, म्हणजे आताच्याच्या वडिलांनी, चार मजूर घेऊन. रांगवही हातात धरून, एकेक नाव वाचून, तीन आठवड्यांत. काकांनी कौतुकाने मान हलवली. एकही चूक नाही. मी स्वतः नक्कल घेऊन सगळ्या रांगा फिरलोय. वहीत जे आहे तेच जमिनीवर आहे.

निघताना बाईंनी नक्कल चाळली. ती थेट पहिल्या नावापासून सुरू होत होती. मूळ वहीतही असंच होतं का?

काकांनी हात झटकले. पुढे एक पान होतं, पण त्यात काही नव्हतं. रखवालदारांसाठी सूचना. कसं मोजायचं, कुठे उभं राहायचं, असलं काहीतरी. ते कशाला उतरवायचं?

भिंगबाई जिन्यातच थांबल्या. सत्त्याहत्तर नावं तर या नकलेत होती, आणि ती नक्कल कोणीही मागितली असती तरी काकांनी चहा पाजून दिली असती. मग वही नेणाऱ्याला नावं लपवायची नव्हतीच. त्याला ते एक पान लपवायचं होतं.

४

शिवणबाई दुसऱ्या मजल्यावर राहत. यंत्र खिडकीशी होतं आणि सुईत अजून दोरा होता. ऐंशीव्या वर्षीही त्या शेजाऱ्यांचे पडदे शिवून देत. मुलगा दाताचा डॉक्टर. तो त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून आला होता आणि आल्यापासून आईच्या रक्तदाबाचे आकडे सांगत होता.

शनिवारी कपाटाजवळ गेला होतात का, असं बाईंनी सरळ विचारलं. तो लाल झाला. गेलो होतो, म्हणाला. आत वह्यांची रांग दिसली, सगळ्या सारख्या, त्यातली कोणती काय ते कळेना, म्हणून पाहून परत खुर्चीत बसलो. कागद लांबणीवर पडावेत असं मनात होतं, हेही त्याने कबूल केलं. हाडं बाहेर काढताना आईने तिथे उभं राहायचं म्हणजे काय.

"माझी हाडं अजून माझ्याजवळ आहेत," शिवणबाई यंत्रावरून म्हणाल्या. "तू तुझे दात सांभाळ."

वडील गेले तेव्हा त्या दोन महिन्यांच्या होत्या. आई इस्पितळातून वडिलांच्या शवाबरोबर नावेतून आली होती, पुरेपर्यंत उभी राहिली होती, आणि नंतर दर आठवड्याला जात राहिली. पूर आला तेव्हा शिवणबाई एकोणीस-वीसच्या होत्या. शिळा परत लागल्या, मोठे अधिकारी आले, लांबलांबून घरचे लोक आले, भाषणं झाली. त्यानंतर आईचं काहीतरी बिनसलं. ती नवऱ्याच्या दगडापाशी थांबेना. सरळ पुढे जायची, दोन रांगा ओलांडून, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी दगडापाशी बसायची. कोणी बिगुल वाजवणारा, एकोणीस वर्षांचा पोरगा.

हे सांगताना शिवणबाईंचा आवाज बदलला नाही, पण पाय यंत्राच्या पायट्यावरून खाली आला. त्यांनी आईला समजावलं होतं, ओढून योग्य जागी नेलं होतं, लोकांसमोर रागावल्या होत्या. नाव वाच ना गं, नाव वाच. आई म्हणायची, नाव काय वाचायचं, मी जागा पाहिली आहे. शेवटी डॉक्टरला दाखवलं. डोकं जरा भ्रमलंय, म्हणाले. आई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली, हिशोबात कधी चुकली नाही, शेजारपाजारच्या सगळ्या पोरांचे वाढदिवस तिला पाठ. फक्त तेवढं एकच सोडलं नाही. आणि मरताना म्हणाली, मला त्यांच्याजवळ ठेवा. तिथे बायकांना जागा नाही. म्हणून मग त्यांनाच इकडे आणायचं.

"मग दोनदा मुदत का जाऊ दिलीत?" भिंगबाईंनी विचारलं.

शिवणबाईंनी दोरा तोडला आणि पडद्याची दुसरी कड सुईखाली घेतली.

खाली रस्त्यावर येऊन भिंगबाईंनी नकलेत बिगुलवाल्याचं नाव शोधलं. पाचवी रांग, दहावा. त्यांनी वहीत सात ओळींत अकरा-अकरा ठिपके काढले, तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्यावर एक फुली, पाचव्या ओळीतल्या दहाव्यावर दुसरी फुली. मग वही हातातच उलटी फिरवली, डोकं खाली, पाय वर.

दोन्ही फुल्यांनी एकमेकींची जागा घेतली होती.

५

बुधवारी सकाळी भिंगबाई प्रत्येकाला वेगवेगळं भेटल्या. कोऱ्या कागदावर सात ओळी, दर ओळीत अकरा ठिपके. भिंत नाही, रस्ता नाही, नदी नाही. प्रश्न एकच. हा खालचा भाग आहे असं समजा, आणि तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या कबरीवर खूण करा.

अधीक्षकांनी पेन घेतलं, खालून तीन ओळी मोजल्या, डावीकडून दोन ठिपके, आणि फुली मारून कागद परत केला. परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं, म्हणाले.

नकाशेकाकांनी आधी चिडून विचारलं, उत्तर दिशा कुठाय? उत्तर नसलेला नकाशा म्हणजे नुसती रांगोळी. स्वतःच बाण काढला, स्वतःच समाधान पावले, आणि फुली तिथेच मारली जिथे अधीक्षकांनी मारली होती.

रखवालदार कुंपणाशी गवत कापत होता. साठीला आलेला, बोलण्यात मऊ, हाताला जड. आल्यापासून त्याने भिंगबाईंना चार वेळा पाणी विचारलं होतं आणि वहीबद्दल एकदाही नाही. गुरुवारच्या कामासाठी लागणाऱ्या फळ्या त्याने आदल्या दिवशीच झाडाखाली रचून ठेवल्या होत्या. त्याने कोयता बगलेत धरला, कागद दोन्ही हातांत घेतला, ठिपक्यांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"कुठल्या फाटकातून?" त्याने विचारलं.

दफनभूमीला फाटक एकच होतं.

त्याच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने कागद हळूच खाली घेतला. कोयता गवतात पडला, तो त्याने उचलला नाही.

६

अधीक्षकांच्या खोलीत चौघे बसले: अधीक्षक, नकाशेकाका, रखवालदार आणि भिंगबाई. रखवालदाराला खुर्ची दिली तरी तो तिच्या कडेलाच टेकला. भिंगबाईंनी आवाज न चढवता, प्रयोगशाळेत निष्कर्ष वाचून दाखवतात तसं, एकेक सांगितलं.

डॉक्टर मुलाने वही नेलेली नाही. सारख्या दिसणाऱ्या सोळा वह्यांतली नेमकी तीच उचलली गेली होती आणि बाकीच्यांवरची धूळ जशीच्या तशी होती. नवख्या माणसाला आधी पाच-सहा तरी चाळाव्या लागल्या असत्या. अधीक्षकांनी नेलेली नाही. त्यांना काम थांबवायचं असतं तर सही न करणं पुरलं असतं. नकाशेकाकांनी नेलेली नाही. लपवणारा माणूस नक्कल पुढे करत नाही. त्यांना जुन्या फाटकाची माहिती होती, पण ती इतिहास म्हणून. त्या फाटकावर मोजणी अवलंबून होती हे त्यांच्या मनातही नव्हतं, म्हणून त्यांनी उत्तर दिशा विचारली. फाटक विचारलं ते एकानेच.

मग दगडांचं. खालच्या शिळा लावल्या तेव्हा त्यांची तोंडं नदीकडे होती, कारण माणसं नदीकडून येत. ती सावलीची बाजू. वीस वर्षं दगडफूल तोंडावर वाढलं. पुरानंतर शिळा रस्त्याकडे तोंड करून लागल्या. तोंडावर ऊन आलं, तिथलं दगडफूल मेलं, पाठीवर नवं सुरू झालं. इथवर काही बिघडलं नाही. माणसं जिकडून येतात तिकडे तोंड, हे बरोबरच.

"पण मोजलं कुठून?" त्यांनी रखवालदाराला विचारलं. "तुमच्याकडे मोजायची पद्धत काय?"

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "फाटकाकडे पाठ करून उभं राहायचं. समोरची पहिली ती पहिली रांग. डाव्या हाताची पहिली ती पहिली कबर."

हेच पहिल्या पानावर होतं. वहीत तेवढंच लिहिलेलं, कारण लिहिणाऱ्याच्या काळी फाटक एकच होतं, नदीकडचं. पुरानंतर त्याच्या वडिलांनी वही हातात घेतली आणि फाटकाकडे पाठ केली. नव्या फाटकाकडे. सातवी रांग पहिली झाली, उजवं डावं झालं. प्रत्येक शिळा चुकीच्या माणसावर उभी राहिली, आणि प्रत्येक नाव उलट्या टोकाकडून तितक्याच अंतरावरच्या नावाच्या जागी गेलं. तिसऱ्यातलं दुसरं पाचव्यातल्या दहाव्याच्या, आणि ते दहावं या दुसऱ्याच्या. नकाशेकाकांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी केलं. मग पुटपुटले, मधला एक सुटला असणार. चौथी रांग, सहावा.

रखवालदार उठला, फाटकाशेजारच्या आपल्या खोलीत गेला आणि मेणकापडात गुंडाळलेली वही घेऊन आला. जाळायची हिंमत झाली नाही, म्हणाला. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच्या वडिलांच्या हातचं शिसपेन्सिलीचं एक वाक्य होतं, पुरानंतर वर्षाने लिहिलेलं: 'सर्व उलटे लागले. एक बरोबर.'

वडिलांना चूक कळली तोवर सोहळा होऊन गेला होता. लोक आपापल्या दगडापाशी बसून, हात लावून, रडून गावी गेले होते. रडून गेलेल्या माणसांना परत कसं बोलवायचं, असं ते म्हणत. त्यांनी ते पोटात ठेवलं आणि मरताना मुलाच्या पोटात घातलं. आधीच्या दोन्ही वेळी शिवणबाईंनी मुदत जाऊ दिली तेव्हा तो सुटल्यासारखा झाला होता. या वेळी तारीख ठरली, फळ्या मागवल्या गेल्या. उघडून भलत्याचीच हाडं त्या म्हाताऱ्या बाईच्या हवाली करायची, हे त्याच्याने होईना. आणि खरं सांगायचं तर बाप मातीत गेल्यावर त्याच्या नावाला माती लागणार.

"तिला सांगावं लागेल," भिंगबाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी खिडकीतून पाहिलं. डॉक्टरची गाडी फाटकाशी थांबत होती.

७

शिवणबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मुलाने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, दोन्ही वेळा त्यांनी ती हाताने मागे केली. रखवालदाराने वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं.

मग त्यांनी त्याला एकच विचारलं. माझी आई त्या पोराच्या दगडापाशी बसायची तेव्हा तुझे वडील बघत होते का?

बघत होते, मावशी, असं तो म्हणाला. आत जाऊन स्टूल आणून द्यायचे. कोणी हसलं तर त्याला बाहेर काढायचे.

"स्टूल दिलं," शिवणबाई म्हणाल्या. "तोंड उघडलं नाही."

त्याने वही मिटून टेबलावर ठेवली. मी तिला डॉक्टरकडे नेलं, असं त्या म्हणाल्या, त्याला नव्हे, कोणालाच नव्हे. गोळ्या दिल्या. सहा महिने ती मुकाट्याने घेत होती.

अधीक्षकांनी घसा साफ केला. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण पुढच्या महिन्यात शताब्दी होती, निमंत्रणं छापून झाली होती, आणि उरलेल्या शहात्तर घरांना पत्रं लिहायची म्हणजे काय ते त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. त्यांनी फार सौम्यपणे मांडलं. मावशींनी आधीही दोनदा विचार बदलला होता. याही वेळी तब्येतीचं कारण देऊन मुदत जाऊ दिली तर कोणी काही म्हणणार नाही. वडील शांत झोपलेत, वर कोणाचा दगड आहे याने त्यांना काय फरक पडतो? या खोलीतली गोष्ट या खोलीत राहील. रखवालदाराच्या वडिलांचं नावही राहील.

मुलगा म्हणाला, आई, खरंच, राहू दे.

नकाशेकाका इतका वेळ कागद चाळत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की परवानगीत क्रमांक लिहिलेलाच नाही. 'रांगवहीप्रमाणे असलेली कबर' एवढंच लिहिलंय. आणि रांगवहीप्रमाणे, पहिल्या पानाप्रमाणे जुन्या फाटकाकडून मोजली, तर ती आजच्या मोजणीतली पाचव्यातली दहावी. कायद्याने काही अडत नाही. अडत असेल तर इथल्या लोकांचं अडतं. ते बोलून झाल्यावर त्यांनी आपली नक्कल दुमडून खिशात घातली, जराशी शरमून.

सगळे भिंगबाईंकडे पाहू लागले, जणू त्यांच्याकडे आणखी एखादं मोजमाप शिल्लक असावं. त्यांनी हातातलं भिंग परत गळ्यात सोडलं. तिथे कोण आहे याची मला खात्री आहे, एवढंच त्या म्हणाल्या. उघडायचं की नाही, हे दगड सांगत नाही.

शिवणबाई दारापर्यंत गेल्या. तिथून खालचा भाग दिसत होता, दुपारच्या उन्हात सात सरळ रांगा, सगळी तोंडं यांच्याकडे. मुलगा उठला तशी त्यांनी हात करून त्याला बसवलं. दोन्ही वेळा मुदत का जाऊ दिली हे कोणी आता विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. हाडांची भीती नव्हती, रक्तदाबही नव्हता. खणल्यावर तिथे बाप निघाला नाही तर, ही भीती. मग आई बरोबर ठरली असती आणि तिची माफी मागायला ती राहिली नव्हती. न उघडता मरून जावं, म्हणजे दोघींपैकी कोणीच चूक ठरणार नाही, असं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं.

रखवालदार भिंतीला टेकून उभा होता. शिवणबाई त्याच्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला.

"उद्या सकाळी उघडायची. पाचव्या रांगेतली दहावी. खणायचं तू, दुसऱ्या कोणी नाही. आणि साहेब, ती शहात्तर पत्रं आजपासून लिहायला घ्या."